पाहण्याची परवानगी कुणाची?

संशयी : अमेरिकेतल्या सॅक आणि फॉक्स या मूळ रहिवासी लोकांच्या जुन्या फोटोंबद्दल तुम्ही इतक्या आत्मीयतेने बोलता, म्हणून आधी तारखा एकमेकींशेजारी मांडून पाहू. १८०४ साली सेंट लुईसला एक तह झाला. या लोकांतल्या मोजक्या माणसांनी त्यावर खुणा केल्या आणि सुमारे ५ कोटी एकर जमीन अमेरिकेकडे गेली. मोबदला वर्षाला १,००० डॉलर. त्यांच्यातल्या ब्लॅक हॉक या नेत्याने पुढे आपल्या आत्मकथनात सांगितलं की ही माणसं जमीन विकायला गेलीच नव्हती, तुरुंगात अडकलेल्या आपल्या एका माणसाला सोडवायला गेली होती. १८३२ साली ब्लॅक हॉक आपली माणसं घेऊन मिसिसिपी ओलांडून परत आला, तेव्हा बॅड अ‍ॅक्स नदीच्या मुखाशी बायकामुलांसकट त्याच्या लोकांची कत्तल झाली. १८४२ च्या तहाने आयोवा गेला. १८४५-४६ मध्ये त्यांना कॅन्ससला जावं लागलं, आणि १८४७ मध्ये टॉमस ईस्टर्लीने त्यांच्या किओकक या नेत्याचा डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पट्टीवरचा फोटो, काढला. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या अगदी सुरुवातीच्या फोटोंत त्याची गणना होते. पुढे १८६७ च्या तहाने कॅन्ससही गेला. १८६८ मध्ये किओककचा मुलगा मोझेस आणि नातू चार्ल्स यांचा फोटो वॉशिंग्टनला काढला गेला, आणि १८६९ मध्ये त्या लोकांनी पुन्हा बिऱ्हाडं उचलली, या वेळी आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात तिकडे. हे फोटो बहुतेक वेळा जमीन हातची गेल्यावर लगेच किंवा जाण्याच्या बेतात असताना निघाले. खरेदीखतावर अंगठा उठवून घेतात तसा हा चेहरा उठवून घेतलेला आहे. त्या चेहऱ्याचं सौंदर्य वाखाणताना खताचा मजकूर वाचायचा राहून जातो, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार संग्रह करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आहे. २४ जानेवारी १८६५ ला स्मिथसोनियनच्या इमारतीला आग लागली आणि चार्ल्स बर्ड किंग व जॉन मिक्स स्टॅन्ली यांनी रंगवलेली बहुतेक व्यक्तिचित्रं जळाली. तेव्हा संस्थेचे प्रमुख जोसेफ हेन्री यांनी आग्रह धरला की राजधानीत येणाऱ्या शिष्टमंडळांचे आता फोटो काढून ठेवावेत. विल्यम ब्लॅकमोर या इंग्रज धनिकाने पैसा पुरवला, झेनो शिंडलरने फोटो काढले आणि जुन्या फोटोंच्या प्रती केल्या, १८६९ मध्ये त्यांची सूची छापली गेली, १८७७ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सनने तीच आणखी वाढवली. या साऱ्या खटाटोपामागे एक गृहीतक होतं. ही माणसं लवकरच नाहीशी होणार, तेव्हा निदान त्यांचे चेहरे राहू द्यावेत. ज्या सरकारच्या धोरणामुळे ती नाहीशी होण्याची भीती होती, त्याच सरकारच्या छत्राखाली त्यांच्या आठवणीची सोय लावली जात होती. अशा संग्रहाकडे आपण निव्वळ वारसा म्हणून कसं पाहायचं?

उत्साही : तारखा बरोबर आहेत, हेतूही तुम्ही म्हणता तसाच होता. पण हेतू संग्रह करणाऱ्याचा होता, फोटोला बसणाऱ्याचा नव्हे. तुमच्या मांडणीत बसणाऱ्याला काही इच्छाच उरत नाही, आणि इथेच माझा विरोध आहे. किओककचंच पाहा. १८४७ पर्यंत तो निदान वीस वर्षं अमेरिकी अधिकाऱ्यांशी वाटाघाटी करत आला होता. १८३५ मध्ये चित्रकार जॉर्ज कॅटलिन त्याच्याकडे गेला, तेव्हा आपलं चित्र घोड्यावर बसलेलंही काढावं असा आग्रह त्याने धरला आणि तो तडीस नेला. ईस्टर्लीच्या पट्टीवर तो छातीवर अस्वलाच्या नखांचा हार आणि अमेरिकेने दिलेलं पदक, दोन्ही घालून, हातात काठी घेऊन बसला आहे. हार त्याच्या लोकांना त्याची योग्यता सांगतो, पदक अमेरिकेला तिच्याच शब्दांची आठवण करून देतं. दोन्ही एकाच छातीवर एकाच वेळी घालणं हे राजकारणी माणसाचं वाक्य आहे. त्याचं राजकारण आपल्याला पटो न पटो, तो कुणाच्या संग्रहातला नमुना म्हणून तिथे बसलेला नाही.

आणि कॅटलिनचीच दुसरी हकीकत तुम्हाला ठाऊक असेल. १८३२ च्या युद्धानंतर ब्लॅक हॉक आणि त्याचे साथीदार जेफर्सन बॅरॅक्समध्ये साखळदंडात होते. कॅटलिन तिथे त्यांची चित्रं काढायला गेला. त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की नीपोप नावाच्या कैद्याने पायातला लोखंडी गोळा आणि साखळी उचलून वर धरली आणि असंच मला काढ, असं बजावलं. आपण कैदेत कसे ठेवले गेलो आहोत हे वॉशिंग्टनमधल्या 'थोर पित्याला', म्हणजे राष्ट्राध्यक्षाला, दिसावं, अशी त्याची इच्छा होती. कॅटलिनने ते मानलं नाही, चित्रात साखळी आली नाही. ही हकीकत मी दोन कारणांसाठी महत्त्वाची मानतो. चित्र म्हणजे काय आणि ते कुठे जाऊन बोलतं, हे या लोकांना पूर्णपणे कळत होतं, हे एक. दुसरं, कुंचल्याला साखळी गाळता येते. कॅमेऱ्यासमोर ती असली तर कॅमेऱ्याला ती सहजासहजी गाळता येत नाही. फोटोग्राफरला जे टिपायचं नव्हतं तेही काचेवर उतरतं. बोटांवरचे घट्टे, शर्टावरचं ठिगळ, कुठल्या फितीवर कुठली फीत कोणत्या कोनात शिवली आहे, हे सारं. चित्रकाराच्या मर्जीतून काही तरी निसटतं ते या यंत्राच्या अडाणीपणामुळे, आणि तेवढ्याच जागेतून बसणारा माणूस आपल्यापर्यंत पोचतो.

संशयी : यंत्र अडाणी असलं तरी ते चालवणारा अडाणी नव्हता. साखळी यंत्रासमोर येणारच नाही अशी व्यवस्था फोटोग्राफर आधीच करून ठेवायचा. वॉशिंग्टनच्या स्टुडिओंत कपडे आणि वस्तू तयार ठेवलेल्या असत. एकच शर्ट वेगवेगळ्या जमातींच्या माणसांच्या अंगावर दिसतो, ही गोष्ट या संग्रहांच्या अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. म्हणजे तुम्ही ज्या फिती आणि ठिगळं मोजता, ती त्या माणसाचीच होती का, हे दर वेळी वेगळं सिद्ध करावं लागेल. डॅगेरोटाइप तर आरशासारखं उलटं चित्र देतो. किओककची काठी ज्या हातात दिसते त्याच हातात ती होती असंसुद्धा पट्टी पाहून म्हणता येत नाही.

यातलं सगळ्यात देखणं उदाहरण घ्या, कारण देखणेपणाबद्दलच मला जास्त शंका आहे. १८९८ मध्ये ओमाहाला मोठं प्रदर्शन भरलं आणि त्याला जोडून 'इंडियन काँग्रेस' नावाचा मूळ रहिवाशांचा मेळावा भरवला गेला. अमेरिकी संसदेने त्यासाठी ४०,००० डॉलर मंजूर केले. सुमारे ५०० माणसं निरनिराळ्या जमातींतून आणून मैदानावर राहायला ठेवली, त्यांत सॅक आणि फॉक्सही होते. प्रेक्षकांपुढे लुटुपुटूच्या लढाया झाल्या. फ्रँक राइनहार्टच्या स्टुडिओतल्या अ‍ॅडॉल्फ म्युअरने तिथे मोठ्या काचांवर व्यक्तिचित्रं काढली, आणि ती खरोखर अप्रतिम आहेत. प्रकाश मऊ आहे, मागचा पडदा धूसर, चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ जिवंत. पण त्या पडद्यामागे काय आहे? त्याच्या सातच वर्षं आधी, २२ सप्टेंबर १८९१ ला, ओक्लाहोमात सॅक आणि फॉक्सांची राखीव जमीन गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी खुली झाली. आधी माणशी १६० एकरांचे तुकडे वाटले आणि उरलेल्या जमिनीवर लोक धावत सुटले. ओमाहाच्या फोटोतल्या प्रौढ माणसाने हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार. धूसर पडद्याने त्याच्या पायाखालची जमीन नेमकी चौकटीबाहेर ठेवली. शिल्लक राहिला तो एक भारदस्त चेहरा, ज्याला कुठलंच गाव नाही आणि कुठलीच फिर्याद नाही. लोक त्याला उदात्त म्हणतात. मला ते उदात्तीकरण जमिनीच्या लुटीइतकंच खटकतं, कारण त्याने लूट पाहणाऱ्याच्या नजरेआड होते.

उत्साही : १८९८ चा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. १८४७ च्या फोटोत माणूस ताठ आणि गंभीर दिसतो याचं एक कारण तांत्रिक आहे. पट्टीवर प्रतिमा उमटायला वेळ लागे, हालचाल परवडत नसे, डोक्यामागे आधाराची चिमटी लावत. ओमाहाला कोरड्या काचा होत्या, वेळ फार लागत नव्हता. तरी माणसं तशीच स्थिर, तशीच सरळ बघतात. ही स्थिरता आता यंत्राने लादलेली नाही. म्युअरने ती सांगून आणली असेल असं तुम्ही म्हणाल, आणि काही फोटोंत ते खरंही असेल. पण अनोळखी गर्दीसमोर प्रदर्शनाची वस्तू म्हणून उभं केलेल्या माणसाने आपल्या चेहऱ्यावर काय दिसू द्यायचं याचा निर्णय घेतला असेल, ही शक्यता तुम्ही विचारातच घेत नाही. धूसर पडद्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. पडद्याने जे झाकलं ते फोटोखालच्या ओळीत परत आणायला हवं. नाव, वर्ष, माणूस कुठून आला, कशासाठी आला, त्या वर्षी त्याची जमीन कुणाच्या ताब्यात होती. फोटो फसवतो म्हणून तो बाजूला ठेवण्यापेक्षा त्याच्याभोवती पुरेसा इतिहास उभा करणं हे काम मला जास्त प्रामाणिक वाटतं.

शिवाय तुम्ही एकाच जातीचे फोटो पुढे ठेवता. स्टुडिओतले, राजधानीतले, प्रदर्शनातले. टामाचं काय? १८५७ मध्ये मेस्क्वाकींनी, म्हणजे सरकार ज्यांना फॉक्स म्हणे त्या लोकांनी, आयोवातल्या टामा परगण्यात स्वतःच्या पैशाने ८० एकर जमीन विकत घेतली. त्याआधी राज्याच्या विधिमंडळाने त्यांना तिथे राहू देणारा कायदा केला होता, जमीन गव्हर्नरच्या नावावर विश्वस्त म्हणून राहिली. ज्या मुलखातून त्यांना हाकललं तिथे ते खरेदीदार म्हणून परतले, आणि ती वस्ती आजही आहे, कितीतरी पटींनी वाढलेली. १९०५ मध्ये आयोवाच्या राज्य इतिहास संस्थेसाठी ड्युरेन वॉर्ड या वस्तीवर गेला. त्याने कुटुंबवार गणती केली, टिपणं घेतली, त्या कामाबरोबर फोटोंचा संग्रहही जमला. त्या काळात टामाला निघालेल्या फोटोंत लव्हाळ्याच्या चटयांची घरं आहेत, पाठीशी बांधायच्या फळीत गुंडाळलेली बाळं आहेत, रेशमी फितींची नक्षी शिवलेले घागरे नेसलेल्या बायका आहेत. ते रेशीम व्यापारातून आलं आणि नक्षी त्यांनी आपली केली. इथे पायाखालची जमीन चौकटीत आहे, आणि ती त्यांची आहे. मधल्या काळात खंडित झालेली कुठली शिलाई आज कुणाला पुन्हा शिकायची असेल, तर असा फोटो तिच्यासाठी कागदावरचा आराखडाच आहे. हे फोटो काढणाऱ्याचा हेतू काहीही असो, त्यांचा उपयोग त्याच्या हेतूला बांधलेला राहिलेला नाही.

संशयी : टामाचे फोटो वेगळे आहेत हे मान्य. जमीन मालकीची असली की माणूस कॅमेऱ्यासमोर वेगळा उभा राहतो, हे त्या फोटोंनी दाखवलं, आणि माझ्या पहिल्या आक्षेपाला त्याने थोडी मुरड बसते. पण वॉर्डची ती कुटुंबवार गणतीच मला अडवते. तुम्ही म्हणता, फोटोखाली नाव परत आणू. जुन्या सूच्यांत बायका 'अमक्याची पत्नी' म्हणून येतात, मुलं 'त्याचा मुलगा' म्हणून, पुष्कळदा नुसती जमात लिहून काम भागवलेलं असतं. नाव परत देणं हे न्यायाचं काम वाटतं, आणि वाटावंही. पण मेस्क्वाकींमध्ये नाव ही माणसाची खाजगी मालमत्ता नसते. ते त्याच्या कुळाकडून येतं, कुळातली जाणती माणसं ते देतात, आणि त्या कुळाच्या कथेशी ते बांधलेलं असतं. सरकारने १८७० च्या दशकात वार्षिक रक्कम देण्यासाठी घराघरातल्या सगळ्यांची नावं मागितली, तेव्हा मेस्क्वाकींनी बायकामुलांची नावं लिहून द्यायला नकार दिला. रक्कम अडली तरी काही काळ ते नकारावर ठाम राहिले. गरज असताना पैसा नाकारून त्यांनी जे सांभाळलं, ते आपण आता दीडशे वर्षांनी फोटोखालच्या ओळीत छापून पुरं करणार आहोत का? निनावी बाई आपल्याला नेहमी अन्यायाची बळी वाटते. काही फोटोंत तिचं निनावी असणं हा तिच्या लोकांनी राखलेला हक्कही असू शकतो, आणि कुठल्या फोटोत काय आहे हे काचेकडे पाहून कळत नाही.

यापुढचा मुद्दा जास्त कठोर आहे. हे जुने फोटो आता कुणाच्याच स्वामित्व हक्कात नाहीत. कुणीही ते उतरवून घ्यावेत, कॅलेंडरवर, कपावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापावेत. मृतांच्या हाडांच्या परतीसाठी अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला, धार्मिक वस्तूही त्याखाली परत जातात, फोटो मात्र त्यात बसत नाहीत. आणि हाडांचंही काय झालं ते पाहा. ब्लॅक हॉक १८३८ मध्ये वारला. वर्षभरात त्याच्या थडग्यातून त्याचे अवशेष चोरीला गेले, पुढे ते आयोवातल्या बर्लिंग्टनच्या एका संग्रहात पोचले आणि १८५५ मध्ये तिथल्या आगीत जळाले. डॅगेरोटाइपची घोषणा होण्याच्या आधीच्या वर्षी तो गेला, त्यामुळे त्याचा फोटो नाही. त्याचं शरीर मात्र संग्रहाच्या वस्तूसारखं हाताळलं गेलं. शरीर आणि प्रतिमा या दोहोंकडे पाहण्याची नजर त्या काळी एकच होती, म्हणून प्रतिमा खुल्या करण्याच्या उत्साहाला मी लगेच सामील होत नाही.

उत्साही : ब्लॅक हॉकच्या अवशेषांची चोरी आणि किओककचं स्वतः निवडलेल्या पोशाखात बसणं यांना तुम्ही एका पंक्तीत बसवता, ते मला मान्य नाही. थडग्यातला माणूस नकार देऊ शकत नव्हता, कॅमेऱ्यासमोरचा देऊ शकत होता. कितपत देऊ शकत होता हे प्रत्येक फोटोगणिक वेगळं असेल, पण तो फरक पुसला तर बसणाऱ्याची इच्छा पुन्हा एकदा आपणच खोडतो.

नावाबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र माझ्या मूळ भूमिकेत बदल करायला लावतो. मी पाहण्याचा हक्क आणि सांगण्याचा हक्क एकच धरून चाललो होतो. ते वेगळे करायला हवेत. फोटोत कोण आहे, त्याचं कूळ कुठलं, हा फोटो सगळ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार त्या लोकांचा. संग्रहालयाने त्यात मदतनीस असावं. ही निव्वळ सदिच्छा नाही. २००७ मध्ये मूळ रहिवासी आणि इतर अभिलेखपालांनी मिळून अशा साहित्यासाठी आचारनियम तयार केले. ते जमातीशी सल्लामसलत करायला सांगतात, काही साहित्य मर्यादित ठेवण्याची मुभा देतात, चुकीची वर्णनं दुरुस्त करायला सांगतात. अमेरिकेच्या अभिलेखपालांच्या संस्थेने त्यांना अधिकृत पाठिंबा द्यायला २०१८ उजाडलं, ही अकरा वर्षांची टाळाटाळ मला लाजिरवाणी वाटते, पण दिशा ठरली आहे. टामाला मेस्क्वाकींचं स्वतःचं संग्रहालय आहे, ओक्लाहोमातल्या स्ट्राउडला सॅक अँड फॉक्स नेशनचं ग्रंथालय आहे. फोटोंच्या प्रती आणि त्यांच्यावरचा शब्द तिकडे जावा. पण पूर्ण बंद करण्याला माझा विरोध कायम आहे. ज्यांच्या आजोबांना उदरनिर्वाहासाठी वस्ती सोडून दूरच्या शहरात जावं लागलं, त्यांच्या नातवंडांना टामा किंवा स्ट्राउड गाठणं सोपं नाही. त्यांच्यासाठी उघड संग्रह हीच पणजीला पाहण्याची एकमेव वाट असेल. बंद दाराची झळ सगळ्यात आधी त्यांना लागते.

संशयी : 'ते लोक' म्हणालात, आणि खरी अडचण तिथेच आहे. सॅक आणि फॉक्स हे एक नाव तहांच्या कागदांनी पक्कं केलं. दोन वेगळी राष्ट्रं जवळची मित्र होती, सरकारने सोयीसाठी त्यांना एकत्र धरलं आणि एकाची सही दोघांवर लादली. आज सरकारमान्य राष्ट्रं तीन आहेत. ओक्लाहोमातलं सॅक अँड फॉक्स नेशन, आयोवातले मेस्क्वाकी, आणि कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवरचे मिसुरीचे सॅक अँड फॉक्स. जुन्या फोटोखाली नुसतं 'सॅक अँड फॉक्स' लिहिलेलं असेल तर ते या तिघांपैकी कुणाचं? किओकक स्वतः सॅक होता. १८३२ नंतर अमेरिकेने त्याला प्रमुख म्हणून पुढे केलं, आणि वार्षिक रक्कम कुणाच्या हाती द्यायची यावरून त्याच्याच लोकांत तीव्र भांडणं झाली. काहींच्या मते त्याने माणसं वाचवली, काहींच्या मते जमीन घालवली. १८८३ मध्ये त्याचे अवशेष कॅन्ससमधून उकरून आयोवात त्याच्याच नावाच्या शहरात नेले, १९१३ मध्ये तिथे पुतळा उभा केला. त्याच्या फोटोवर शब्द कुणाचा चालायचा? त्याने ज्यांच्या वतीने सही केली त्यांचा, की ज्यांनी ती सही कधी मानलीच नाही त्यांचा?

आणि कायदा हा प्रश्न सोडवेल अशी आशा असेल तर जिम थॉर्पकडे पाहा. सॅक अँड फॉक्स नेशनचा हा माणूस, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकचा विजेता, त्या काळातला किती तरी वेळा फोटो निघालेला खेळाडू. १९५३ मध्ये तो वारला. ओक्लाहोमात त्याच्या लोकांचे अंत्यविधी चालू असताना पत्नीने पार्थिव नेलं आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या दोन शेजारच्या गावांशी करार केला. ती गावं एक झाली आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं. मुलगे आणि नेशन न्यायालयात गेले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने १९९० चा कायदा इथे लागू होत नाही असं ठरवलं, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. ज्याचं नाव, कूळ, वारस सगळं जगाला माहीत, त्याच्या देहाबाबतही कुटुंब आणि राष्ट्र यांचं म्हणणं चाललं नाही. मग १८९८ च्या काचेवरच्या निनावी बाईबाबत कुणाचं चालणार?

उत्साही : थॉर्पच्या प्रकरणावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते प्रकरण मला न्यायाचं वाटत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष तुमच्यापेक्षा वेगळा आहे. तिन्ही राष्ट्रांपैकी कुणाचा शब्द चालायचा हे बाहेरच्याने ठरवू नये, म्हणून संग्रहालयांनी तिघांकडेही प्रती आणि नोंदी पाठवाव्यात आणि तिघांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवाव्यात, जरी त्या एकमेकींना छेद देत असल्या तरी. किओककच्या फोटोखाली दोन परस्परविरोधी वर्णनं असतील तर तीच त्याची खरी नोंद होईल. निनावी बाईसाठी, फोटो जगापुढे टाकण्याआधी तो तिन्ही ठिकाणी दाखवावा, वाट पाहावी. कुणी ओळखलं तर त्यांचं ऐकावं, झाकून ठेवा म्हणाले तर झाकून ठेवावं. याला वेळ लागेल, पैसा लागेल, आणि तो संग्रहालयांनी खर्चावा, कारण जमा करताना त्यांनी तो खर्चला होता.

संशयी : ही रीत तुमच्या सुरुवातीच्या भूमिकेपेक्षा पुष्कळ बरी आहे, आणि मीही सगळं कुलूपबंद करा असं म्हणत नाही. पण तुमच्या रीतीत परवानगी राष्ट्राच्या कचेरीकडून येते. मेस्क्वाकींमध्ये नोंदणी वडिलांकडून चालते. आई मेस्क्वाकी आणि वडील बाहेरचे असले तर मूल यादीत येत नाही. समजा त्या बाईची मुलगी वस्तीबाहेरच्या माणसाबरोबर राहिली. तिची नातवंडं, पतवंडं आज कुठल्याच यादीत नाहीत. तिचा चेहरा, तिच्या घागऱ्यावरची नक्षी ओळखण्याची शक्यता कदाचित त्यांच्याकडेच सगळ्यात जास्त आहे, कारण घरात तिच्या गोष्टी सांगितल्या गेल्या असतील. त्यांना विचारायला कचेरी जाणार नाही, कारण कचेरीच्या लेखी ती तिची माणसं नाहीत. आणि तुम्ही फोटो जगापुढे ठेवला नाहीत तर तो त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही.

उत्साही : म्हणजे जुन्या सूचीत जी 'अमक्याची पत्नी' म्हणून आली, तिच्या वंशजांना आजची यादीही बाजूला ठेवते. मी राष्ट्राच्या अधिकाराचा आदर करतो तो एवढ्या लुटीनंतर त्यांनी टिकवलेल्या स्वराज्याचा आदर आहे, आणि कुणाला आपलं म्हणायचं हे ठरवणं त्या स्वराज्याचाच भाग आहे. बाहेरून त्यावर बोट ठेवायला मी धजत नाही. तरी त्या नातवंडांना पणजी नाकारणंही मला जमत नाही. त्यांच्यासाठी फोटो उघडा ठेवला तर राष्ट्राची परवानगी मोडते, परवानगीसाठी थांबलो तर ती नातवंडं पुन्हा चौकटीबाहेर राहतात. या दोहोंत कशाला आधी मान द्यायचा, हे तुम्ही सांगू शकता का?

संशयी : नाही. आणि तुम्हीही सांगू शकणार नाही, कारण ते सांगण्याचा अधिकार आपल्या दोघांचाही नाही. पण संग्रहालयाच्या टेबलावर ती काच आज ठेवलेली असेल आणि तिच्यावरचा फोटो जगापुढे ठेवायचा की नाही हे संध्याकाळपर्यंत कुणीतरी ठरवणार असेल, तर त्या माणसाला मी एवढंच विचारेन की राष्ट्राच्या कचेरीला पत्र पाठवताना यादीबाहेरच्या कुटुंबांनाही दाखवण्याची मुभा द्याल का, असा प्रश्न त्याने त्या पत्रात घातला आहे का. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही.

उत्साही : तो प्रश्न पत्रात घालणं मला मान्य आहे. कचेरीने नाही म्हटलं तर काय करायचं, यावर मात्र तुमचं-माझं एकमत होणार नाही.